अधिकारपद आणि मतपेटी : हजीऱ्याचा अनुभव

ग्वाल्हेरचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे त्याच्या पायथ्यापलीकडे हजीरा नावाची दाट वस्ती आहे. हजीरा हा शब्द मूळचा अरबी. थडग्याभोवतीचे कुंपण घातलेले आवार असा त्याचा अर्थ. महंमद घौस यांची जाळीदार दगडी कबर आणि तिच्या शेजारी तानसेनाची साधी, उघडी समाधी या परिसरात आहे, आणि दर वर्षी तेथे भरणाऱ्या संगीत समारोहामुळे वस्तीचे नाव दूरवर पोहोचले आहे. परंतु हजीऱ्याची दुसरीही एक ओळख आहे. १९२१ साली माधवराव महाराज शिंदे यांच्या प्रोत्साहनाने बिर्ला घराण्याने येथे जियाजीराव कापड गिरणी काढली. गिरणीभोवती बिर्लानगर वसले, चाळी उठल्या, आणि तंबोऱ्याच्या जोडीला भोंग्याचा आवाज या परिसराच्या कानी पडू लागला. १९९० नंतरच्या दशकात ही गिरणी बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न मात्र त्यानंतरही दशकानुदशके रेंगाळत राहिला, आणि निवडणुकीमागून निवडणुकीत मते मागावयास येणाऱ्यास तो ऐकावा लागला.

३ नोव्हेंबर २०२० रोजी हजीऱ्यातील मतदार विधानसभेच्या पोटनिवडणुकीसाठी मतदान केंद्रांवर गेले, तेव्हा त्यांच्यापुढे एक चमत्कारिक प्रसंग होता. सत्तारूढ पक्षाचे उमेदवार प्रद्युम्नसिंह तोमर हे त्या दिवशी विधानसभेचे सदस्य नव्हते. परंतु राज्याचे मंत्री होते. आमदारकीचा राजीनामा त्यांनी त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात दिला होता आणि मंत्रिपदाची शपथ २ जुलै रोजी घेतली होती. सामान्यतः मतदार प्रतिनिधी निवडतो आणि प्रतिनिधींतून मंत्री होतो. येथे मंत्री आधी झाला होता आणि प्रतिनिधी व्हावयाचा होता. अधिकारपदाचा निवडणुकीत लाभ होतो की नाही, आणि होत असेल तर किती, हा लोकशाहीतील जुना प्रश्न या एका प्रसंगात जणू काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा स्पष्ट दिसतो. त्याचे उत्तर शोधावयाचे तर एका पोटनिवडणुकीवरून ते मिळणार नाही. त्यासाठी या नगरीचा सत्तर वर्षांचा निवडणूक-इतिहास पाहावा लागेल.

ज्याच्या हाती ससा तो पारधी, अशी मराठीत म्हण आहे. पदावर असलेल्या उमेदवाराच्या हाती ससा आधीच असतो, हे कोणी नाकारणार नाही. त्याचे नाव रोज वृत्तपत्रांत येते, ते लोकांच्या कानावर घालण्यासाठी त्याला खर्च करावा लागत नाही. रस्ता, नळ, दवाखाना यांची कोनशिला त्याच्या हस्ते बसते आणि दगडावर नाव त्याचे कोरले जाते. तहसीलदारापासून फौजदारापर्यंत सगळे त्याला ओळखतात आणि त्याच्या दारात गेलेल्या माणसाचे काम अडत नाही, असा निदान लोकांचा समज असतो. सार्वत्रिक निवडणूक मुदतीपूर्वी घ्यावी की नाही, हे ठरविण्यात सत्ताधाऱ्यांचा वाटा असतो. शिवाय एक लाभ असा आहे की तो उमेदवार घेत नाही, मतदारच त्याला देतो. आपला माणूस सत्तेत राहिला तर आपल्या वस्तीचे भले होईल, हा तो हिशेब होय. पहिले लाभ कायद्याने थोडेफार रोखता येतात. हा शेवटचा लाभ मतदाराच्या मनात असतो, म्हणून तो सर्वांत बळकट आणि सर्वांत नाजूकही असतो.

ग्वाल्हेरमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे अधिकारपद लोकशाहीबरोबर जन्मास आले नाही. ते सिंहासनाच्या रूपाने आधीच होते. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघ अस्तित्वात आला तेव्हा जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख झाले, आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, म्हणजे मध्यभारत नव्या मध्य प्रदेशात विलीन होईपर्यंत, ते त्या पदावर राहिले. राजप्रमुखाने पक्षातीत राहावे अशी अपेक्षा होती. राज्यकारभार काँग्रेसच्या हाती होता. दिल्लीत पंडित नेहरूंचे सरकार होते. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई ताजी होती. अशा स्थितीत १९५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मध्यभारतातील लोकसभेच्या ११ जागांपैकी ९ जागा काँग्रेसने जिंकल्या, यात नवल नाही. नवल उरलेल्या दोन जागांचे आहे. ग्वाल्हेर आणि गुना या दोन्ही मतदारसंघांतून हिंदु महासभेचे विष्णु घनश्याम देशपांडे हे एकटेच निवडून आले. त्यांनी गुना राखून ग्वाल्हेरची जागा सोडली आणि पोटनिवडणुकीत तेथून महासभेचेच डॉ. नारायण भास्कर खरे विजयी झाले.

डॉ. खरे यांचे उदाहरण मननीय आहे. १९३७ साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे काँग्रेसी मुख्यमंत्री झाले; पुढच्याच वर्षी काँग्रेसश्रेष्ठींशी बिनसल्यामुळे त्यांना ते पद सोडावे लागले. नंतर ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि पुढे अलवर संस्थानचे दिवाणपद त्यांच्याकडे आले. म्हणजे १९५२ साली ग्वाल्हेरमध्ये उभा राहिलेला हा नागपूरचा मनुष्य मोठमोठी पदे भोगलेला होता, पण त्या घटकेला त्याच्या हाती कोणतेही पद नव्हते. पद ज्यांच्या हाती होते त्या पक्षाचा उमेदवार हरला. घर फिरले की घराचे वासेही फिरतात असे म्हणतात; येथे घर फिरलेल्या माणसामागे मतदार उभा राहिला. लष्करच्या मराठी वस्तीचा आणि संस्थानी ग्वाल्हेरातील हिंदु महासभेच्या जुन्या प्रभावाचा त्यात मोठा भाग होता.

पाच वर्षांनी चित्र पालटले. नोव्हेंबर १९५६ मध्ये राजप्रमुखपद संपले आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १९५७ च्या निवडणुकीत, महाराणी विजयाराजे शिंदे काँग्रेसच्या उमेदवार म्हणून गुन्यात उभ्या राहिल्या. ज्या देशपांडे यांनी १९५२ साली दोन मतदारसंघ जिंकले होते त्यांचा त्यांनी पराभव केला. १९६२ साली त्या ग्वाल्हेरमधूनच लोकसभेवर गेल्या. येथे काँग्रेसच्या सत्तेने महाराणींना निवडून आणले की महाराणींच्या प्रतिष्ठेने काँग्रेसला, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर १९६७ साली मिळाले. त्या वर्षी विजयाराजे यांनी काँग्रेस सोडली होती. मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार सत्तेवर होते, तरी गुन्यातून स्वतंत्र पक्षाच्या उमेदवार म्हणून विजयाराजे निवडून आल्या आणि ग्वाल्हेरची जागा जनसंघाच्या रामअवतार शर्मा यांनी घेतली. काँग्रेसने राज्यात बहुमत राखले खरे. परंतु त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात गोविंदनारायण सिंह यांच्यासह ३६ आमदार पक्षातून फुटले आणि मिश्र यांचे सरकार कोसळले. १९७१ साली इंदिरा गांधींच्या लाटेत देशभर काँग्रेस विजयी होत असताना ग्वाल्हेरातून अटलबिहारी वाजपेयी, भिंडमधून विजयाराजे आणि गुन्यातून माधवराव शिंदे असे तिघे जनसंघाच्या तिकिटावर निवडून आले. दिल्लीतील आणि भोपाळातील पदापेक्षा येथे जुन्या सिंहासनाची छाया लांब होती.

त्या छायेत खऱ्या अर्थाने मंत्रिपदाचा प्रकाश मिसळला तो १९८४ नंतर. त्या वर्षी माधवराव शिंदे यांनी काँग्रेसचे उमेदवार म्हणून ग्वाल्हेरमध्ये वाजपेयींचा सुमारे पावणेदोन लाख मतांनी पराभव केला. वाजपेयी ग्वाल्हेरचेच सुपुत्र. १९७७ ते १९७९ या काळात देशाचे परराष्ट्रमंत्री राहिलेले. माधवराव १९८६ ते १९८९ रेल्वे खात्याचे राज्यमंत्री होते. १९८८ साली देशातील पहिली शताब्दी एक्स्प्रेस नवी दिल्लीहून ग्वाल्हेरमार्गे झाशीपर्यंत धावू लागली. मंत्र्याच्या मतदारसंघातून नवी गाडी जावी, हा योगायोग मतदाराच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. १९८९ साली काँग्रेस केंद्रात सत्ताभ्रष्ट झाली, पण ग्वाल्हेरची जागा माधवरावांनी राखली.

यावरून पदाचा लाभ सिद्ध झाला असे कोणी म्हणेल; तर १९९६ आणि १९९८ या दोन वर्षांची तुलना करावी. जानेवारी १९९६ मध्ये हवाला प्रकरणात नाव गोवले गेल्यावर माधवरावांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले. पुढे ते आरोप न्यायालयात टिकले नाहीत. काँग्रेसचे तिकीट मिळाले नाही तेव्हा मध्य प्रदेश विकास काँग्रेस हा स्वतःचा पक्ष काढून ते ग्वाल्हेरमध्ये उभे राहिले आणि फार मोठ्या मताधिक्याने जिंकले. मंत्रिपद नाही, मोठा पक्ष नाही. तरी विजय अधिक दणदणीत. १९९८ साली ते काँग्रेसमध्ये परतले होते आणि राज्यात काँग्रेसचे सरकार होते. त्या वेळी भाजपचे जयभानसिंह पवैया यांच्यावर त्यांना केवळ सुमारे २६ हजार मतांनी विजय मिळाला. १९९९ साली माधवराव गुन्यास गेले आणि ग्वाल्हेर पवैयांनी जिंकले. अन्याय झालेला माणूस आणि अधिकार असलेला माणूस यांच्यांत ग्वाल्हेरच्या मतदाराचा कल पहिल्याकडे झुकलेला दिसतो. डॉ. खरे यांच्या वेळी जे घडले त्याचेच हे मोठे रूप होते.

हा केवळ ग्वाल्हेरचा विक्षिप्तपणा नव्हे. भारतीय मतदाराने पहिल्या निवडणुकीपासून पदाची भीड फारशी बाळगलेली नाही. १९५२ साली राजस्थानचे मुख्यमंत्री जयनारायण व्यास दोन ठिकाणी उभे राहिले आणि दोन्ही ठिकाणी पडले. जोधपुरात त्यांना हरविणारे स्वतः महाराजा हनुवंतसिंह होते. त्याच वर्षी मुंबई राज्याचे गृहमंत्री मोरारजी देसाई अवघ्या १९ मतांनी हरले. १९६२ साली मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री कैलासनाथ काटजू यांना जावऱ्याच्या मतदारांनी घरी पाठविले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना कऱ्हाडात निसटता विजय मिळाला. आणि १९६७ साली दक्षिण मुंबईत केंद्रीय मंत्री स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस या तरुण कामगार पुढाऱ्याने हरविले, ती लढत महाराष्ट्र अद्याप विसरलेला नाही. पुढे संख्याशास्त्राच्या आधारे भारतीय निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या योगेश उप्पल यांच्यासारख्या संशोधकांनीही असाच निष्कर्ष काढला आहे. अटीतटीच्या लढतींत जे उमेदवार जेमतेम जिंकले आणि जे जेमतेम हरले त्यांची पुढील निवडणुकीतील वाटचाल तपासली, तर राज्यांच्या विधानसभांत पदावर असणे हे लाभापेक्षा ओझेच ठरलेले दिसते.

असे असेल तर पदाच्या दुरुपयोगाला आळा घालण्याची एवढी काळजी कायद्याने का घ्यावी? याचे कारण असे की पद ओझे ठरते ते मतदार मोकळा असेल तेव्हाच. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाने सरकारी नोकरांकडून निवडणुकीत साह्य घेणे हे भ्रष्ट आचरण ठरविले. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली ती याच आधारावर. सेवेतून मुक्त होण्यापूर्वी यशपाल कपूर यांनी केलेले निवडणुकीचे काम, आणि सभेची व्यासपीठे व ध्वनिक्षेपकांची वीज यांसाठी उत्तर प्रदेशातील सरकारी अधिकाऱ्यांनी केलेली व्यवस्था, या दोन गोष्टी न्यायालयाने दोषास्पद ठरविल्या. दोष क्षुल्लक होते असे तेव्हा अनेकांनी म्हटले. पुढे कायदा बदलण्यात आला आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड वैध ठरविली. परंतु व्यासपीठाच्या फळ्यांचा खर्चही राज्याच्या खजिन्यातून होता कामा नये, हे तत्त्व त्या निकालाने लहान मुलालाही समजेल इतके स्पष्ट केले.

कायद्याला जे साधत नाही ते संकेताने साधण्याचा प्रयत्न १९६० साली केरळात सुरू झाला. तेथील विधानसभेच्या निवडणुकीसाठी पक्षांनी आचारसंहिता मान्य केली. पुढे निवडणूक आयोगाने ती देशभर प्रसृत केली आणि १९७९ साली तिच्यात सत्तारूढ पक्षाविषयी स्वतंत्र प्रकरण घातले. सरकारी दौरा आणि प्रचाराचा दौरा एक करू नये, सरकारी मोटारी वापरू नयेत, मैदाने व डाकबंगले यांची मक्तेदारी घेऊ नये, सरकारी पैशाने पक्षाची जाहिरात करू नये, निवडणूक जाहीर झाल्यावर कोनशिला बसवू नयेत व देणग्यांची घोषणा करू नये, असे तिचे दंडक आहेत. नभोवाणीवरही पूर्वी सरकारचाच आवाज ऐकू येई. १९७७ च्या निवडणुकीपासून मान्यताप्राप्त विरोधी पक्षांनाही आकाशवाणीवर आपली बाजू मांडण्यासाठी वेळ मिळू लागला. संहितेचा धाक मध्य प्रदेशने १९९३ साली पाहिला. हिमाचल प्रदेशचे राज्यपाल गुलशेर अहमद हे सतना भागात आपल्या मुलाच्या प्रचारात गुंतल्याची तक्रार झाली. शेषन यांच्या निवडणूक आयोगाने त्याची गंभीर दखल घेतली आणि राज्यपालांना राजीनामा द्यावा लागला.

तथापि एका ठिकाणी कायद्यानेच दार उघडे ठेवले आहे. सरकारकडून वेतन घेणारा साधा कारकून निवडणुकीस उभा राहू शकत नाही, कारण ते लाभाचे पद होय. मंत्रिपद मात्र संविधानाने लाभाचे पद मानलेले नाही. आणि १६४ व्या अनुच्छेदाच्या चौथ्या खंडाप्रमाणे विधिमंडळाचा सदस्य नसलेली व्यक्तीही सहा महिने मंत्री राहू शकते. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी याच्या उलट नियम होता. पार्लमेंटचा सदस्य मंत्री झाला तर त्याने जागा सोडून मतदारांकडे पुन्हा जावे लागे. राजाने पदाचे आमिष दाखवून लोकप्रतिनिधी विकत घेऊ नयेत, हा त्यामागील हेतू. १९०८ साली विन्स्टन चर्चिल मंत्रिमंडळात गेले तेव्हा या नियमामुळे त्यांना मँचेस्टरमध्ये पोटनिवडणूक लढवावी लागली आणि ते हरले; पुढे डंडीहून ते निवडून आले. १९२६ साली इंग्लंडने हा नियम सोडून दिला. भारतीय संविधानाने तो घेतलाच नाही. येथे मंत्र्याला मतदारांकडे जावे लागते ते मंत्री झाल्यामुळे नव्हे, तर आमदार नसल्यामुळे.

आता पुन्हा हजीऱ्याकडे वळावे. हजीरा ज्यात मोडते त्या ग्वाल्हेर विधानसभा मतदारसंघातून १९९८ आणि २००३ साली भाजपचे नरेंद्रसिंह तोमर निवडून आले. १९९८ साली राज्यात सरकार काँग्रेसचे होते, म्हणजे त्यांचा पहिला विजय पदाशिवायचा होता. २००३ नंतर ते राज्यात मंत्री झाले. २००८ साली पक्षाचे प्रदेशाध्यक्ष म्हणून ते या मैदानाबाहेर राहिले. त्या वर्षी राज्यात भाजपची सत्ता कायम राहिली; तरी हजीऱ्याने काँग्रेसच्या प्रद्युम्नसिंह तोमर यांना निवडले. २०१३ साली विद्यमान आमदार असूनही ते पवैयांकडून हरले. पवैया २०१६ पासून राज्याचे मंत्री होते. २०१८ साली मंत्री असताना ते प्रद्युम्नसिंहांकडून सुमारे २१ हजार मतांनी हरले. म्हणजे दहा वर्षांत या मतदारसंघाने एकदा विद्यमान आमदाराला आणि एकदा विद्यमान मंत्र्याला खाली बसविले. गिरणी बंद पडलेल्या, गटारे तुंबणाऱ्या आणि नळाच्या वेळा पाळून दिवस काढणाऱ्या वस्तीत मंत्री आपल्या गल्लीतला असणे हे दुधारी शस्त्र आहे. ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही त्याला कोणी जाब विचारीत नाही. मंत्र्याला मात्र प्रत्येक फुटक्या नळाचा हिशेब द्यावा लागतो. नाल्यात स्वतः उतरून साफसफाई करणारे लोकप्रतिनिधी अशी प्रद्युम्नसिंहांची जी ख्याती झाली, तिच्यामागे मतदाराच्या या स्वभावाची जाण असावी.

मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंदे यांच्यासह काँग्रेसच्या २२ आमदारांनी पक्ष सोडला. त्यांत प्रद्युम्नसिंह होते, आणि ते कमलनाथ यांच्या मंत्रिमंडळातही होते. सरकार पडले, शिवराजसिंह चौहान पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि पक्ष बदलून आलेल्यांपैकी कित्येकजण आमदार नसताना मंत्री झाले. ३ नोव्हेंबरच्या २८ पोटनिवडणुकांत असे १४ जण उभे होते. त्यांपैकी तुलसीराम सिलावट आणि गोविंदसिंह राजपूत यांची सहा महिन्यांची मुदत मतदानापूर्वीच संपली, म्हणून ऑक्टोबरमध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. उरलेले बारा मंत्री म्हणूनच मतदारांपुढे गेले.

त्या दिवशी ग्वाल्हेर जिल्ह्यात तीन जागांसाठी मतदान होते, आणि त्यांचे निकाल एकत्र वाचणे बोधप्रद आहे. हजीऱ्याच्या मतदारसंघात मंत्री प्रद्युम्नसिंह सुमारे ३३ हजार मतांनी जिंकले. डबऱ्यात मंत्री इमरती देवी काँग्रेसच्या सुरेश राजे यांच्याकडून हरल्या. ग्वाल्हेर पूर्वमध्ये पक्ष बदललेले पण मंत्री नसलेले मुन्नालाल गोयल काँग्रेसच्या सतीश सिकरवार यांच्याकडून हरले. पक्षांतर तिघांचेही एकच, पक्षही तोच, दिवसही तोच. दोघे मंत्री, एक नाही. आणि दोन मंत्र्यांपैकी एक जिंकला, एक पडला. साऱ्या राज्यात त्या दिवशी तीन मंत्री पराभूत झाले. पदाने विजयाची शक्यता वाढविली असे फार तर म्हणता येईल; विजय दिला असे म्हणता येणार नाही.

पुढील वर्षांनी हेच पुन्हा दाखविले. १७ नोव्हेंबर २०२३ च्या निवडणुकीत प्रद्युम्नसिंह मंत्री म्हणून उभे राहिले आणि सुमारे १९ हजार मतांनी जिंकले. शेजारच्या ग्वाल्हेर ग्रामीणमध्ये त्यांचेच सहकारी मंत्री भारतसिंह कुशवाह हरले. सहा-सात महिन्यांनी तेच कुशवाह, हाती कोणतेही पद नसताना, ग्वाल्हेरमधून लोकसभेवर निवडून आले. त्यांच्या आधीचे खासदार विवेक शेजवलकर हे येथील जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचे वडील नारायण कृष्ण शेजवलकर १९७७ आणि १९८० साली ग्वाल्हेरचे खासदार होते. विवेकराव महापौर असताना २०१९ साली सुमारे १ लाख ४६ हजार मतांनी लोकसभेवर गेले. महापौरपद त्यांना पायरीसारखे उपयोगी पडले असावे; पण २०२४ साली विद्यमान खासदार असूनही पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. आणि २०२२ साली, केंद्रात ग्वाल्हेर भागातील दोन मंत्री आणि राज्यात हजीऱ्याचा एक मंत्री असताना, नगराचे महापौरपद ५७ वर्षांनी काँग्रेसच्या शोभा सिकरवार यांनी जिंकले.

या सर्व घटनांचा मिळून अर्थ काय? अधिकारपद हे मतदाराकडून काढलेले कर्ज आहे. पदाच्या बळावर मिळालेले नाव, कोनशिला आणि गर्दी हे त्या कर्जाचे मुद्दल होय. निवडणुकीच्या दिवशी मतदार ते व्याजासह मागतो. ज्याला ते फेडता आले तो टिकला. ज्याने ते स्वतःची मिळकत समजले, तो मंत्री असूनही पडला.

परंतु यात मतदारानेही स्वतःकडे पाहण्यासारखे काही आहे. सत्तेत आपला माणूस असला तरच नळाला पाणी येईल, असे मानून मत देणारा नागरिक हळूहळू अर्जदार होतो. हजीऱ्याच्या गिरणी कामगारांना त्यांची देणी कायद्याने मिळावयाची होती. ती मंत्र्याच्या कृपेची गोष्ट नव्हती. गिरणी बंद पडल्यानंतरच्या तीस वर्षांत या भागाने सत्तेतले आणि विरोधातले दोन्ही प्रकारचे प्रतिनिधी पाहिले, आणि प्रश्न रेंगाळतच राहिला. ज्या दिवशी हक्काच्या गोष्टीसाठी मंत्र्याच्या ओळखीची गरज उरणार नाही, त्या दिवशी पदाचा निवडणुकीतील सर्वांत मोठा लाभ आपोआप नाहीसा होईल. आचारसंहिता तो नाहीसा करू शकत नाही. ती फक्त मतदानापूर्वीचे काही आठवडे पदाला आवर घालते. उरलेल्या पाच वर्षांत नागरिकाने अर्जदार व्हावे की मालक राहावे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.